साहेब, ही वाजत नाही

रविवारी सकाळी साडेआठला, गल्लीतली दहा-बारा माणसं, दोन शाळकरी पोरं आणि एक दूधवाला यांच्या साक्षीने माझं धनुष्य मोडलं. मोडल्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्यातल्या एका पोराने "लग्न झालंय का काकांचं?" असं विचारलं, तेही मी सोडून दिलं. निदान जनकाघरची गोष्ट त्याला कुणीतरी सांगितली आहे. पण समोरच्या कट्ट्यावरून गादीवाले चाचा नुसतं "हं" म्हणाले. ते "हं" आज बुधवार उजाडला तरी माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

झालं होतं असं. 2023 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, वयाच्या 17 व्या वर्षी. त्यामुळे आमच्या कन्येच्या डोक्यात तिरंदाजी शिरली आणि तीन आठवड्यांत निघूनही गेली. जाताना ती माझ्या डोक्यात मुक्कामाला आली. अदितीचं धनुष्य कप्प्या-तारांचं, यंत्रासारखं. मला हवं होतं साधं, लाकडी, वाकवलं की वाकणारं. आपल्याकडे त्यासाठी नावाजलेलं लाकूड म्हणजे धामण. संस्कृतात त्या झाडाला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्य नावातच आहे. मी वखारीत जाऊन विचारलं, "धामण आहे का?" काउंटरवरचा माणूस पाय वर घेऊन बसला आणि आतल्या पोराला म्हणाला, "बघ रे, त्या सागाच्या थप्पीमागं शिरली का काय!" सर्पमित्राला फोन जायच्या आत मी बाहेर पडलो.

शेवटी लाकूड आलं पुण्याहून, मेव्हण्याकडून. त्याच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत ब्राझीलचं 'इपे' नावाचं लाकूड बसवलं होतं, त्याची सहा फुटी पट्टी उरली होती. न्यूयॉर्कला समुद्रकाठी लोक ज्या फळ्यांवरून फिरतात, त्यांतही हे लाकूड असतं म्हणे. सागाचा एक घनफूट ठोकळा साधारण 18 किलो भरतो, इपेचा 30. पाण्यात बुडतं. मी तुकडा कापून बादलीत टाकून बघितला, दगडासारखा तळाशी गेला. घरातून विचारणा झाली की आज पाण्याचा कितवा दिवस आहे ते माहीत आहे का, आणि ती बादली कशासाठी भरून ठेवली होती. सोलापुरात राहणाऱ्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

इपे दाबाला जबरदस्त, पण धनुष्याच्या पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, ताण बसतो. म्हणून पाठीवर बांबूची पातळ चीप चिकटवतात. बांबू बुरुडाकडून आणला. इपेला अंगचं तेल असतं, त्यावर गोंद धरत नाही, आधी ॲसिटोनने पुसावं लागतं. घरात ॲसिटोन एकाच, नेलपॉलिश काढायच्या बाटलीत होतं आणि त्या बाटलीवर माझी मालकी नव्हती. तो विषय वेगळा.

मग घासकाम. दोन कानशी बोथट झाल्या, रंध्याचं पातं तर पहिल्याच दिवशी शरण आलं. इपेचा भुसा पिवळाधमक असतो. केसांत, भुवयांत, शर्टाच्या खिशात, सगळीकडे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी भक्तिभावाने विचारलं, "बाळ्याला जाऊन आलात वाटतं? खंडोबाचं दर्शन नीट झालं का?" मी शिंकत होतो, म्हणून हो म्हणालो. खरी गंमत न्हाणीघरात. त्या भुशातला पिवळा पदार्थ साबण लागला की लालभडक होतो, हळदीसारखाच. अंगावरून लाल पाणी वाहताना बघून मुलगी किंचाळली. त्यानंतर मला गच्चीवर, पत्र्याच्या शेडमध्ये हद्दपार करण्यात आलं. मे महिना, 43 अंश. धनुष्यही तिथंच.

आणि गल्ली. गल्लीला एकच प्रश्न पडतो: "कशाला?" कुणी "कसं करता?" विचारत नाही, "कशाला?" विचारतं. मुलीसाठी का? विकणार का? एकाने आवाज खाली आणून "कुठल्या गटाचं काम घेतलंय?" असंही विचारलं, धनुष्यबाण म्हटल्यावर त्याला दुसरं काही सुचणार तरी कसं. मी ऑनलाइन दोन हजारांचं प्लास्टिकचं खेळणं मागवलं असतं तर एकानेही तोंड उघडलं नसतं. रविवारी दिवसभर मोबाइल बघत लोळलो तर तो आराम. हाताने काही करायला बसलो की माणूस नोकरीवरून काढलाय का, अशी शंका. एकाने तर ऑफिसात चौकशी केली. हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये, खरंच केली.

तर चाचा. कोपऱ्यावर त्यांचं गादीचं दुकान. आता पुढे फोम आणि रेडिमेड उश्या मुलगा विकतो, चाचा कट्ट्यावर बसतात. शनिवारी संध्याकाळी मी धनुष्य बाकावर बांधून, दोरी कप्पीवरून ओढून ते कसं वाकतं ते बघत होतो. ही सगळ्यात नाजूक पायरी. थोडं ओढायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, जी ताठ राहील ती चार हात खरवडायची, परत ओढायचं. रद्दीवाल्याकडचा ताणकाटा मध्ये अडकवला होता. दोरी 28 इंच ओढली की काट्यावर 18 किलो, असं माझं ध्येय.

"साहेब, कमान करायलाय?"

कशाला नाही, कमान! मी हरखलो. तीच चूक झाली.

"चाळीस वर्षं कमान मारली मी," चाचा म्हणाले. "कापूस पिंजायची. माझ्याएवढी लांब, छताला टांगलेली. तात लावायची, आतड्याची. लाकडी ठोकळ्यानं तातेवर हाणलं की टणन्न! कापूस भुर्र उडायचा. द्या बघू इकडं."

वयाकडे बघून दिलं. चाचांनी धनुष्य आडवं धरलं, डोळे मिटले आणि दोरी छेडली. ठप्प.

"साहेब, ही वाजत नाही."

"चाचा, हिच्याने बाण मारायचाय. वाजवायचं नाही."

"जी वाजत नाही ती मारत बी नाही."

मग त्यांनी पाठीवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. तो अंगठा मला अजून दिसतो. नख पिवळं, जाड, कडेला कायमची चीर. बांबूवरून हळूहळू सरकत उजव्या बाजूच्या दुसऱ्या पेरावर आला आणि थांबला. मागे गेला. परत आला. परत थांबला.

"ही गाठ कुणी घासली?"

"मी."

"का?"

"वर आली होती. गुळगुळीत दिसावी म्हणून."

स्वतःची दाढ पकडीने उपटून आलेल्या पेशंटकडे डॉक्टर जसा बघेल, तसं चाचांनी माझ्याकडे बघितलं. "बांबूचा धागा गाठीवरनं उडी मारून जातो साहेब. तुम्ही त्याची उडीच कापली. आणि उन्हात ठेवताय व्हय पत्र्याखाली? वाळून पापड झालाय त्याचा."

खरं सांगायचं तर ज्याचा व्हिडिओ बघून मी हे शिकलो, त्या दाढीवाल्या अमेरिकन माणसाने हेच सांगितलं होतं. गाठीचा उंचवटा राहू द्या, तो सपाट केला की धागे तुटतात. पण तो भाग मी दीडपट वेगाने पळवून बघितला होता. हे मी चाचांना सांगितलं नाही. मी म्हणालो, "हे इंपोर्टेड लाकूड आहे."

"लाकूड इंपोर्टेड," चाचा म्हणाले, "बांबू तर आपल्या बुरुडाचाच की."

मागे उभा असलेला दूधवाला हसला. त्याला त्या वेळी कोण दूध मागतं, मला माहीत नाही, पण तो तिथं होता. आणि रविवारी सकाळीही होता. दूधवाल्यानेच गोळा केली असणार ती माणसं. चाचांना खोटं पाडायचं, एवढ्या एकाच हेतूने मी धनुष्य खाली गल्लीत नेलं, हे आता कबूल करायला हरकत नाही. 20 इंच, ठीक. 22, ठीक. 24 ला कुठूनतरी बारीक 'टिक्' आलं, ते मी ऐकलं नाही असं ठरवलं. 26 ला कडाड! उजवा अर्धा भाग माझ्या कानाजवळून गेला आणि कुणाच्या तरी स्कूटीच्या सीटवर जाऊन पडला.

दुसरं पेर. बरोब्बर तिथंच.

"हं."

एवढंच. "सांगितलं होतं" म्हणाले असते तर मी भांडलो असतो, माझी तयारी होती. चाचा उठले, स्कूटीवरचा तुकडा उचलला, बोटाच्या पेराने त्यावर ठोकलं. टण्ण. लोखंडासारखा स्वच्छ आवाज. त्यांनी परत ठोकलं, कान जवळ नेला.

"लाकूड चांगलं होतं," म्हणाले, आणि तुकडा माझ्या हातात देऊन दुकानात गेले.

संध्याकाळी त्यांचा नातू आला. आजोबा विचारतायत, तो छोटा तुकडा टाकणार असाल तर द्या, ठोकळा करायचाय. कापूस आता मशीन पिंजतं, ठोकळा कशाला? मी चक्क विचारलं, "कशाला?" पोराने खांदे उडवले. मी म्हणालो, लागणार आहे मला.

काल परत आला होता. अजून लागणारच आहे म्हणून सांगितलं. तुकडा पलंगाखाली आहे, झाडू मारताना आडवा येतो, आणि दर वेळी टण्ण वाजतो.