उतारावरचा संसार

रात्री दीड वाजता मी पलंगावर ताठ बसलेला असतो. ध्यानबिन काही नाही. आडवा झालो की पोटातला ऐवज घशाशी येतो, म्हणून. छातीच्या मधल्या हाडामागे कुणीतरी शेगडी पेटवून फुंकर घालतंय असं वाटत असतं. शेजारून झोपेतच निकाल लागतो, "पित्त झालंय. दुसऱ्यांदा वाढून घेतलंत तेव्हाच म्हटलं होतं."

यातलं पहिलं वाक्य चूक, दुसरं बरोबर. पित्त बिचारं यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतं. या जळजळीत सहसा त्याचा हात नसतो. खरा आरोपी जठरातलं हायड्रोक्लोरिक अॅसिड. ते तिथे असतं हे विल्यम प्राउट नावाच्या इंग्लिश डॉक्टराने 1824 सालीच छापून सांगितलं. दोनशे वर्षं उलटली, आमच्या घरात आळ अजून पित्तावरच.

बरं, अॅसिडही आपल्या जागी असेपर्यंत गुणी असतं. जठराला आतून बुळबुळीत थराचं अस्तर आहे, त्यामुळे त्याला सहसा चटका बसत नाही. अन्ननलिकेला तसलं चिलखत नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंची एक कडी असते. घास खाली गेला की तिने आवळून बसायचं, एवढंच तिचं काम. माझी कडी जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी: आहे, पण भरवसा नाही. तळकट खाणं, चॉकलेट, दारू, सिगारेट यांनी ती आणखी सैलावते. आणि पुदिन्यानेही! हे कळलं तेव्हा मला भरून आलं, कारण पोटाला गार वाटावं म्हणून गेली कित्येक वर्षं मी जेवण झाल्यावर पुदिन्याची गोळी चघळत होतो. थंड दुधाचीही तीच गत. पिताना हायसं वाटतं, मग ते पचवायला जठर आणखी अॅसिड सोडतं.

खालून दाब आला तरी कडी हार मानते. डॉक्टर म्हणाले, "पट्टा एक भोक सैल करा." मी पाहिलं, तर शेवटच्याच भोकावर होतो. "मग पोट कमी करा," म्हणाले. याच डॉक्टरांकडे मी आधी एकदा हार्ट अटॅक आला असं समजून मध्यरात्री धावलो होतो. ईसीजी नॉर्मल निघाला. मी ओशाळलो, पण ते हसले नाहीत. "आलात ते उत्तम केलंत. दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, दम लागला, तर जळजळ समजून घरी बसायचं नाही. घास अडकायला लागला तरी यायचं." घरी मात्र सगळे हसले.

झोपेचा प्रश्न मी तीन उशा रचून सोडवला होता. त्याने जळजळ थांबली नाही, मान तेवढी धरली. कारण उशांवर फक्त डोकं चढतं, पोट मधोमध दुमडतं आणि दाब उलट वाढतो. उचलायचा तो पलंगच, डोक्याकडून सहा-आठ इंच. म्हणून मी उशाकडच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. पहिल्याच सकाळी मी, तिन्ही उशा आणि चादर पायथ्याशी एकत्र सापडलो. "रात्रभर घाट चढत होते मी," बायको म्हणाली.

शिवाय झोपायचं डाव्या कुशीवर, म्हणजे जठराची पिशवी अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहते. माझी डावी कूस नेमकी बायकोच्या बाजूला येते. पूर्वी तक्रारी पाठीवर पडायच्या, आता थेट तोंडावर. आणि जेवण झोपण्याआधी तीन तास. साडेसातला शहाण्यासारखा पानावरून उठतो. दहा वाजता फ्रिजचं दार उघडून नुसताच त्या दिव्याकडे बघत उभा असतो.

पण गुण आहे, खोटं कशाला बोलू. काल रात्री दीडला जाग आली, तरी छातीत काहीच नव्हतं. थंडी वाजत होती. दोन्ही पांघरुणं उतारावरून घसरत जमिनीवर पोचली होती. मी हळूच उठलो, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "खाली निघालाच आहात तर माझंही घेऊन या."