'द फर्स्ट टेक्सन': सॅम ह्यूस्टनला नेमकं काय नको होतं?

१९५६चा 'द फर्स्ट टेक्सन' वेस्टर्नप्रेमींच्या यादीत क्वचितच दिसतो. दिग्दर्शक बायरन हॅस्किन, सॅम ह्यूस्टन झालाय जोएल मॅक्रे, आणि लांबी जेमतेम ८२ मिनिटं. टेनेसीचं गव्हर्नरपद सोडलेला माणूस तेव्हा मेक्सिकोत असलेल्या टेक्सासात वकिली करू पाहतो, मेक्सिकोविरुद्धचं बंड त्याला नको असतं, आणि तेच गळ्यात पडतं. मॅक्रे हे थंडपणे, छान करतो. पण माझ्या मते ह्यूस्टनची नाखुशी सिनेमाने भलत्याच जागी दाखवलीय.

सिनेमात तो राजकारणाला विटलाय आणि अमेरिकेचा अध्यक्ष जॅक्सनच्या शब्दाखातर उभा राहतो. खरा ह्यूस्टन? लग्न अकरा आठवड्यांत मोडलं म्हणून एप्रिल १८२९ मध्ये राजीनामा, मग चेरोकी आदिवासींमध्ये मुक्काम, १८३२ मध्ये वॉशिंग्टनच्या रस्त्यावर स्टॅनबेरी नावाच्या खासदाराला हिकरीच्या काठीने चोप. त्याच वर्षाअखेर तो टेक्सासात पोचला. असा माणूस कोपऱ्यात बसून अशिलांची वाट बघायला येत नाही!

त्याला नको होती ती लढाई; निदान चुकीच्या जागची. जानेवारी १८३६ मध्ये टेक्सन सेनापती म्हणून त्याने जिम बोवीला सॅन अँटोनिओला धाडलं, ते तिथला अलामो हा किल्ला पाडून तोफा मागे आणाव्यात या मताने. पण तोफा ओढायला जनावरंच नव्हती, आणि बोवी तिथेच ठाण मांडून बसला. पुढचा १३ दिवसांचा मेक्सिकन वेढा आणि आतल्या टेक्सनांचा शेवट सगळ्यांना माहीत आहे. गोलियादच्या टेक्सन तुकडीचा प्रमुख फॅनिन याला माघारीचा हुकूम होता, तो निघायलाच उशीर करून बसला. वाटेत उपाशी बैल अडले, उघड्या माळावर वेढला गेला. जखमींना प्यायला पाणी नाही, तापलेल्या तोफा पुसायलाही नाही. शरण आला. २७ मार्चला साडेतीनशेच्या आसपास कैद्यांना गोळ्या घातल्या.

ह्यूस्टन गोंझालेसला पोचला तेव्हा त्याच्याकडे होती ३७४ माणसं. त्याने गाव जाळलं आणि पूर्वेला निघाला: आधी कोलोरॅडो नदी (ही टेक्सासमधली), मग ब्राझोस. आपल्याकडे कुणी लगेच याला गनिमी कावा म्हणेल, पण हा तो नव्हे. छापे नाहीत, नुसती माघार, पावसात, चिखलात, पळणाऱ्या कुटुंबांच्या गर्दीत. टेक्सासचा हंगामी अध्यक्ष बर्नेट पत्रातून टोमणे मारत होता. दोन कॅप्टनांनी आणखी मागे हटायला साफ नकार दिला, तर त्यांना नदीचे उतार राखायला ठेवून हा निघाला. ब्राझोसकाठी सुमारे दोन आठवडे कवायत. तिथेच सिनसिनाटीहून आलेल्या दोन सहा-पौंडी तोफा मिळाल्या, 'ट्विन सिस्टर्स'. 'यलो स्टोन' या आगबोटीने सैन्य नदीपार नेलं.

दरम्यान मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनापती सांता आना याने आपली फौज वाटून टाकली होती आणि छोटी तुकडी घेऊन पुढे धावला होता. २१ एप्रिलला सकाळी सॅन हासिंतोला त्याच्याकडे जनरल कोसची कुमक आली, तीही थकलेली. छावणीमागे दलदल. दुपारी साडेचारच्या सुमारास सुमारे ९०० टेक्सन चालून गेले. लढाई १८ मिनिटांत संपली, कत्तल मात्र नंतरही चालू राहिली: ६३० मेक्सिकन मेले, टेक्सन नऊ.

खरं नाट्य त्या सहा आठवड्यांत आहे. शिव्या खात मागे जाणारा सेनापती, ज्याच्या मनातलं सैनिकांना कळत नाही. माझ्या हातात असतं तर ८२ पैकी पन्नास मिनिटं मी इथे दिली असती, प्रेमकथा कापून.

आणि एक गोष्ट सिनेमा सोयीने गिळतो. मेक्सिकोने गुलामगिरी १८२९ मध्ये रद्द केली होती आणि टेक्सासातल्या गोऱ्या मळेवाल्यांना ती हवी होती. ब्राझोसकाठची ती कवायत जेरेड ग्रोसच्या मळ्यासमोरच झाली. टेक्सासमधल्या सर्वांत मोठ्या गुलाममालकांपैकी हा एक, १८२२ मध्ये आला तोच सुमारे ९० गुलाम घेऊन. १८३६च्या नव्या संविधानात गुलामगिरी तर राहिलीच, शिवाय मुक्त कृष्णवर्णीयाला टेक्सासच्या काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, परवानगीशिवाय टेक्सासात कायमचं राहायलाही बंदी आली.