जीमेल थंडरबर्डमध्ये घ्यायचंय? मग टू-स्टेप बंद करू नका

‘जीमेल कॉम्प्युटरवर घ्या, फक्त पाच मिनिटांत!’ हा मेसेज आमच्या मामांनी मला पाठवला. नुसता पाठवला असता तर सोडून दिलं असतं. पण त्यांनी पहिली पायरी करूनही टाकली होती आणि पुढचं बटण सापडत नाही म्हणून मला विचारत होते. मेसेज थोडक्यात असा: टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर होणारी दुसरी तपासणी) बंद करा, ‘लेस सिक्युअर ॲप’ चालू करा, आउटलुक किंवा थंडरबर्ड या कॉम्प्युटरवरच्या मेल प्रोग्रॅममध्ये पॉप (मेल कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची पद्धत) निवडा, पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) 25 टाका आणि मेल उतरले की ब्राउझरमधून सगळे उडवा, 15 जीबी मोकळे!

मामांना ‘लेस सिक्युअर ॲप’चं बटण सापडेना, कारण ते आता नाहीच. गूगलच्या हेल्पमध्ये स्पष्ट लिहिलंय: नुसतं नाव आणि पासवर्ड मागणाऱ्या ॲपना 30 मे 2022 पासून प्रवेश नाही. तारीख वाचा आणि हा मेसेज अजून फिरतोय हे बघा. तो ऐकणाऱ्याने कुलूप काढून ठेवलं आणि ज्या कामासाठी काढलं ते काम झालंच नाही. थंडरबर्ड लॉगिन नाकारतो, माणूस पासवर्ड बदलतो, परत तेच. इकडे बँकेची स्टेटमेंटं, आधारची पीडीएफ, इन्कम टॅक्सचे मेल असं सगळं ज्या खात्यात येतं, ते एका पासवर्डच्या भरवशावर उघडं. मामांचं टू-स्टेप आधी परत चालू करायला लावलं, मगच बाकीचं बोललो.

याहून कहर म्हणजे, आउटलुक 2010 सारख्या जुन्या प्रोग्रॅमसाठी जी खरी सोय आहे, म्हणजे गूगल फक्त त्या प्रोग्रॅमसाठी बनवून देतं तो 16 अक्षरी ॲप पासवर्ड, ती टू-स्टेप चालू असेल तरच मिळते. म्हणजे मेसेजची पहिलीच पायरी खरा रस्ता बंद करते! (आणि गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की ॲप पासवर्ड रद्द होतात, तेही लक्षात ठेवा.) आजच्या थंडरबर्डला तर त्याचीही गरज नाही. नाव आणि ईमेल टाका, गूगलची स्वतःची लॉगिन खिडकी उघडते, तिथे पासवर्ड द्या, फोनवर ‘हो’ म्हणा, संपलं. त्यानंतर थंडरबर्ड गूगलने दिलेल्या टोकनवर (डिजिटल परवान्यावर) चालतो, पासवर्ड साठवून ठेवत नाही. खिडकी उघडलीच नाही, तर अकाउंट सेटिंगमध्ये ऑथेंटिकेशन ‘ओऑथ2’ (म्हणजे याच खिडकीतून लॉगिनची पद्धत) वर आहे का ते पाहा.

पोर्ट 25 मेल सर्व्हरांना आपसात बोलायला असतं. आपला मेल 465 किंवा 587 वरून जातो, आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून सगळीकडे तोच दाखवणारी पद्धत) 993 वरून येतो. थंडरबर्ड हे आकडे स्वतःच भरतो, तुम्ही हात लावू नका.

पॉपच्या बाबतीत मेसेज अगदीच खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य. पॉपने उतरवलेला मेल आपल्या डिस्कवर राहतो, उद्या खातं अडकलं तरी तेवढा हाताशी असतो. पण कॉम्प्युटरवर वाचलेला मेल फोनवर न वाचलेलाच दिसत राहणार. रोजच्या वापराला आयमॅपच घ्या. वैयक्तिक जीमेलमध्ये ते जानेवारी 2025 पासून कायम चालूच असतं, शोधून चालू करायची भानगड नाही.

राहिलं ते ‘ब्राउझरमधून सगळे उडवा’. आयमॅप असेल तर ब्राउझरमधून उडवलेला मेल कॉम्प्युटरवरूनही जातो, कारण दोन्हीकडे तोच मेल दिसत असतो. पॉप असेल तर वीस वर्षांचा पत्रव्यवहार एका जुन्या हार्डडिस्कवर, एकाच प्रतीत उरतो. शिवाय ते 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज यांचे मिळून आहेत. बहुतेकांची जागा लग्नांच्या व्हिडिओंनी खाल्लेली असते, मेलने नाही. ज्यांनी आधीच उडवले असतील त्यांनी जीमेलची ट्रॅश उघडा. मेल तिथे 30 दिवस असतात, परत इनबॉक्समध्ये हलवता येतात. ‘रिकामी करा’ तेवढं दाबू नका.