गिझर पेटत नाही म्हणून खिडकी बंद करायची?

थंडी पडली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याच सात ग्राहकांनी मला पाठवला. ‘गॅस गिझर पेटत नाही? मेकॅनिकला ५०० रुपये देऊ नका, हे पाच उपाय घरीच करा.’ उपाय असे : सेल बदला. टकटक (ठिणगीचा आवाज) होऊनही पेटत नसेल तर लायटरने पेटवा. पाण्याला प्रेशर नसेल तर डायफ्रामच्या पिनेपाशी काडी अडकवा. ज्योत विझत असेल तर खिडकी आणि एक्झॉस्ट बंद ठेवा. ज्योत बारीक असेल तर हॉटेलवाल्यांचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावा.

मी १९ वर्षं धनकवडी, कात्रज, आंबेगाव भागात गिझरची कामं करतो. पाचातला पहिला उपाय अर्धा खरा आहे. उरलेल्या चारांनी माणूस मरू शकतो, म्हणून हे लिहितोय. लोकांचे ५०० रुपये वाचावेत असं मलाही वाटतं. घरी करण्यासारखं जे आहे ते ओघात सांगतोच.

आधी सेल. गिझरच्या खालच्या डबीत दोन मोठे सेल असतात, दीड-दीड व्होल्टचे. ते उतरले की गिझर गप्प बसतो, हे बरोबर. पण ‘पेटत नाही म्हणजे सेल गेले’ हे चूक. गरम पाण्याचा नळ उघडा आणि कान द्या. टकटक अजिबात आली नाही, तर सेल तरी गेलेत, डबीतल्या स्प्रिंगवर हिरवट बुरशीसारखा थर तरी चढलाय (तो खरवडला की नवे सेल आणावेही लागत नाहीत), नाहीतर पाण्याचा जोर पुरत नाहीये. टकटक येते पण पेट घेत नाही, तर गॅस पोचत नाहीये : कॉक बंद आहे, सिलेंडर संपलाय, किंवा नवीन लावल्यामुळे पाइपात हवा आहे. हवा असेल तर नळ दोन-तीनदा बंद-चालू केला की निघून जाते. पेटतो आणि काही सेकंदांत विझतो, तर बर्नरवरचा सेन्सर बघा. पांढऱ्या चिनी मातीतून एक बारीक तार बाहेर आलेली असते. ज्योत त्या तारेला लागली की गिझरला कळतं की पेटलंय. तारेवर काजळी बसली की कळत नाही, आणि तो गॅस तोडतो. सिलेंडर बंद करून, गिझर थंड झाल्यावर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तार हलकेच घासायची. झालं काम.

तेच लायटरच्या उपायाला उत्तर आहे. सेलवर चालणाऱ्या गिझरमध्ये गॅसची वाट एक इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह अडवतो. सेन्सरने ‘ज्योत आहे’ असं सांगितलं नाही तर तो बंद होतो, मग तुम्ही काहीही लावा. मात्र तीन-चार वेळा नळ फिरवून झालेला असतो, आणि दर खेपेला थोडा थोडा गॅस बाहेर आलेला असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली उतरून साठतो. त्यात तोंड जवळ नेऊन लायटर मारायचा! भुवया जळालेले दोन ग्राहक मी स्वतः पाहिलेत. आणि ते थोडक्यात वाचले.

काडीचा उपाय मी वाचला तेव्हा मला धनकवडीच्या एक काकू आठवल्या. चार मजली इमारत, त्या वरच्या मजल्यावर. गच्चीतली टाकी गिझरच्या वर जेमतेम अडीच मीटर. टाकीचं पाणी दहा मीटर उंचावर असेल तर खाली एक किलो प्रेशर मिळतं. अडीच मीटरला पाव किलो. बऱ्याच गिझरच्या पट्टीवर कमीत कमी प्रेशर ०.०२ किंवा ०.०२५ एमपीए (मेगापास्कल) लिहिलेलं असतं. ०.०२५ म्हणजे पाव किलो, जवळपास तेवढंच. काठावरचं काम. पाण्याने रबरी डायफ्राम फुगतो, तो पिन पुढे ढकलतो, पिन गॅसची झडप उघडते आणि मायक्रोस्विचला इशारा देते. काकूंकडे पिन अर्धीच सरकायची. मुलाने मेसेज वाचून पिन पुढे ओढली आणि मागे आइस्क्रीमची काडी घालून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली.

गिझर पेटला. नळ बंद केल्यावरही पेटलेलाच राहिला.

काकूंना आतून गडगड ऐकू आली. त्यांनी धावत जाऊन सिलेंडर बंद केला म्हणून निभावलं. मी गेलो तेव्हा तांब्याची कॉइल जांभळी-काळी पडली होती, गरम पाण्याच्या प्लॅस्टिक पाइपाला जोडाजवळ फुगवटा आला होता आणि काडीचं टोक कोळसा झालं होतं. बंद नळामागे कोंडलेलं पाणी उकळून वाफ होत होती. ओव्हरहीटचा सेन्सर अशा वेळी वाचवतो, पण जुन्या गिझरमध्ये तो बिघडलेला तरी असतो, नाहीतर नसतोच.

आणि मूळ दुखणं काय होतं? गिझरला पाणी येतं तिथल्या नटात करंगळीच्या पेराएवढी जाळी असते. ती क्षाराने आणि टाकीतल्या गाळाने बुजली होती. आमच्या भागात उन्हाळ्यात बोअरच्या पाण्याचे टँकर येतात. धरणाचं पाणी त्या मानाने मऊ, बोअरचं क्षाराचं. पाण्याचा कॉक बंद करा, नट सोडा, जाळी जुन्या टूथब्रशने घासा, व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. दर तीन महिन्यांनी हे कोणीही करू शकतो. तरीही जोर पुरत नसेल तर छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो किंवा कमी प्रेशरवर चालणारा गिझर घ्यावा लागतो. पिनेला हात लावायचा नाही.

हाय प्रेशर रेग्युलेटरचं एवढंच सांगतो. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबारने गॅस सोडतो, आणि गिझरचे जेट (गॅस सोडणारी बारीक भोकं), व्हॉल्व्ह, नळी सगळं त्याच हिशोबाने केलेलं असतं. जास्त दाबाने ज्योत लांब, पिवळी होते, काजळी धरते, जोड गळतात. डिसेंबरात पारा १० अंशांखाली गेला आणि सिलेंडर संपत आला की आतला द्रव तेवढ्या वेगाने वायू होत नाही, म्हणून ज्योत बारीक होते. सिलेंडर बदला. गरम पाण्यात तो ठेवू नका. आणि सोसायटीत नुकताच पाइप गॅस आला असेल, तर एलपीजीचा गिझर त्यावर नीट चालणारच नाही. जेट बदलून घ्यावे लागतात, शेगडीचे बदलतात तसेच.

आता खिडकी. ही ओळ मेसेजमध्ये कोणी लिहिली असेल, तो भेटावा असं मला फार वाटतं.

६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण एक किलो गॅस खातो. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवा असते जेमतेम आठ घनमीटर. सगळं बंद करून दहा मिनिटं गिझर चालवला की त्यातल्या दोन घनमीटर हवेतला प्राणवायू संपला. पाव हिस्सा! हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅसचा जो वास आपण ओळखतो तो न जळलेल्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनचा. हा विषारी वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात. आणि दाराला आतून कडी असते.

ज्योत विझते हे मात्र खरं असू शकतं. दार-खिडकी घट्ट लावून नुसता एक्झॉस्ट चालवला की पंख्याला ओढायला हवा मिळत नाही आणि ज्योत हेलकावते. तेव्हा पंखा बंद करायचा नसतो, दाराच्या तळाशी जाळी बसवून बाहेरची हवा आत येऊ द्यायची असते. त्याहून बरं म्हणजे गिझर बाथरूमच्या बाहेर.

काकूंच्या खिडकीच्या काचपट्ट्यांमध्येही थंडीसाठी पेपर कोंबलेले होते. ते मी काढले आणि नवा गिझर ड्राय बाल्कनीत टांगला. आता गरम पाणी यायच्या आधी अर्धी बादली गार पाणी येतं. काकू ते बाल्कनीतल्या कढीपत्त्याला घालतात.