‘पत्ता बरोबर दिसतोय ना, मग मेल खराच’? अजिबात नाही

शिरोली एमआयडीसीत दाजींची फौंड्री आहे. व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा एक मेसेज त्यांनी मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘मग बँक खातं बदलल्याचा मेल आला तर फोन करून विचारायला नको ना?’ विचारायलाच हवं दाजी, आणि तेही पुरवठादाराच्या जुन्या नंबरवर. अशा एका मेलवर पिग आयर्नच्या अख्ख्या ट्रकचे पैसे भलत्याच्या खात्यात जातात.

मेसेज म्हणतो: हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या पाठवणारा-विषय वगैरे ओळींमध्ये, कंट्रोल कॅरॅक्टर (पडद्यावर न दिसणारी, संगणकाला सूचना देणारी चिन्हं) येऊच शकत नाहीत, पाठवणारा खरा आहे का हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या चाचण्या सर्व्हर करतोच, म्हणून मेल ॲपने हेडर साफ करायची गरज नाही. उलट सफाईने डिजिटल सही मोडते आणि मराठी नावं बिघडतात.

‘येऊच शकत नाहीत’ हे सगळ्यात घातक. आरएफसी ५३२२ या ईमेलच्या नियमपत्रिकेप्रमाणे नल कॅरॅक्टर (शून्य क्रमांकाचं, ज्याला काही प्रोग्रॅम ‘मजकूर संपला’ असं समजतात) थेट घालायला बंदी आहे, बरोबर. पण इंग्रजीबाहेरची नावं पाठवता यावीत म्हणून आरएफसी २०४७ या दुसऱ्या नियमपत्रिकेचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साध्या खुणांत लिहायची पद्धत, १९९६ पासून आहे. त्यात तोच नल ‘बरोबरचं चिन्ह, शून्य, शून्य’ असा साध्या खुणांनी लिहिता येतो. वाटेतल्या सर्व्हरला त्यात वावगं काही दिसत नाही. तो उलगडतो तुमच्या ॲपमध्ये. ठग आधी पुरवठादाराचा पत्ता लिहितो, मग नल, आणि शेवटी ॲटच्या खुणेपुढे स्वतःचं डोमेन. ॲप नलपाशी थबकलं की पडद्यावर नुसता पुरवठादार उरतो. साब्री हदूश या संशोधकाने डिसेंबर २०१७ मध्ये ‘मेलस्प्लॉइट’ नावाने तीसहून जास्त मेल ॲपमध्ये अशी फसवणूक करून दाखवली. थंडरबर्ड या मेल ॲपने त्याच महिन्यात ५२.५.२ आवृत्तीत हे भोक बुजवलं. सुरक्षेतल्या त्रुटींच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०१७-७८२९ अशी त्याची नोंद आहे. ॲपने काही करायचंच नव्हतं, तर ही दुरुस्ती कशाची केली?

डीमार्कचं म्हणाल तर सर्व्हर तपासतो ते शेवटचं डोमेन. ते ठगाचं स्वतःचंच, त्यामुळे पास होणारच.

सहीचा मुद्दा तर टिकतच नाही. डीकेआयएम ही डिजिटल सही मूळ मजकुरावर तपासतात, पडद्यावर काय दाखवलं त्यावर नाही.

मराठीबद्दल मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. ‘न दिसणारं सगळं उडवा’ असा आंधळा कोड झिरो विड्थ जॉइनर ही अक्षरं जोडणारी न दिसणारी खूणही उडवतो, आणि काही कीबोर्ड ‘ऱ्य’ त्याच्याच मदतीने लिहितात. मग विषयातल्या ‘दुसऱ्या हप्त्याचं बिल’चं ‘दुसर्या हप्त्याचं बिल’ होतं. पण जॉइनर हे कंट्रोल कॅरॅक्टर नव्हेच. ती युनिकोड या अक्षरयादीत ० ते ३१ आणि १२७ ते १५९ या क्रमांकांची. सोबत मजकुराची दिशा उलटवणाऱ्या खुणा धरा. ॲप बनवणाऱ्यांनो, एवढंच काढा, जॉइनरला हात लावू नका. प्रत्यक्ष पत्त्याचा भाग तर उलगडूच नका, तिथे एन्कोडिंग वापरायला आरएफसी २०४७ मध्येच मनाई आहे. आणि काढलेलं गुपचूप गाळण्यापेक्षा त्या जागी प्रश्नचिन्हाचा काळा चौकोन दाखवा, म्हणजे बिल भरणाऱ्याला काहीतरी घुसडलंय हे दिसेल.