भरती-सुकतीच्या तक्त्यातले सरकलेले पट्टे

नमस्कार ताई,

माझ्या लेखातलं सीएसएसचं (वेबपानाला रंगरूप देणाऱ्या भाषेचं) सूत्र वापरून तुम्ही अलिबागच्या तुमच्या घरगुती निवासाच्या पानावर भरती-सुकतीचा तक्ता रंगवलात आणि एक दिवसाआड रंगाचे पट्टे काही दिवसांतच सरकले. ‘प्रत्येक ओळीला हाताने क्लास दिलेला बरा, ही सिलेक्टरची हौस कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. (क्लास म्हणजे ओळीला दिलेलं नाव; सिलेक्टर म्हणजे कोणता भाग रंगवायचा ते निवडणारं सूत्र.)

चूक माझीच. दिवसाला चार ओळी धरून मी एनथ-चाइल्डला (कितवा घटक ते मोजून निवडणाऱ्या सिलेक्टरला) आठ-आठ ओळींचं गणित दिलं, चार रंगीत आणि चार बिनरंगाच्या. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने तरी असं करायला नको होतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. सोमवारी रात्री ११:४० ला आलेली भरती दुसऱ्या दिवशी मध्यरात्र ओलांडते आणि १२:३० ला, म्हणजे बुधवारच्या खात्यात पडते. मंगळवारला उरतात तीन ओळी. तिथून बुधवारची पहिली ओळ मंगळवारच्या पट्ट्यात जाते. तुमचे पाहुणे हाच तक्ता बघून सुकतीला कुलाबा किल्ल्यात चालत जातात, म्हणून तुमची प्रतिक्रिया वाचून मला खरंच धस्स झालं.

तरी हाताने क्लास देऊ नका. महिन्याला शंभरावर ओळी होतात आणि पुढच्या महिन्यात सगळं पुन्हा. त्यापेक्षा प्रत्येक दिवसाच्या ओळी वेगळ्या टीबॉडीत (टेबलातल्या ओळींच्या गटात) ठेवा. एका टेबलात कितीही टीबॉडी चालतात. मग पट्ट्याचा रंग ‘टीबॉडी:एनथ-ऑफ-टाइप(इव्हन)’ला, म्हणजे प्रत्येक दुसऱ्या टीबॉडीला द्या. दिवस तीन ओळींचा असो की चारांचा, पट्टा त्याच्याबरोबर संपतो. तारखेच्या खान्याचा रोस्पॅन (तो खाना किती ओळी व्यापतो तो आकडा) मात्र तीन ओळींच्या दिवशी तीन करा. इथे एनथ-चाइल्डही चालेल, पण ते थीड (टेबलाच्या शीर्ष-ओळींचा गट) आणि कॅप्शन (टेबलाचं शीर्षक) हेसुद्धा मोजतं. उद्या कॅप्शन घातलंत की रंगांची अदलाबदल.

क्लासबद्दल तुमचं एक म्हणणं मला पटतं. सुकतीच्या ओळीला क्लास हवाच, फक्त नाव ‘सुकती’ ठेवा, ‘निळी’ नको. पट्टा टीबॉडीवर असला की ओळीचा रंग आपोआप त्याच्या वर दिसतो. पण टीबॉडीच्या त्या सिलेक्टरपुढे टीआर (टेबलाची ओळ) जोडून पट्टा ओळींवर आणलात, तर त्याचं वजन (दोन नियमांत कोणता लागू होतो ते ठरवणारं) नुसत्या क्लासपेक्षा जास्त भरतं आणि एक दिवसाआड सुकतीचा रंग नाहीसा होतो.

‘फक्त सुकती दाखवा’ या तुमच्या बटणानेही आता पट्टे सरकणार नाहीत. लपवलेली ओळ मोजणीतून सुटत नाही, पण आपण ओळी मोजतच नाही.

आठ ओळींचं सूत्र लेखातून आजच काढलंय. येत्या उधाणाआधी तेवढा तक्ता बदलून घ्या.