‘शाळा सर्वांना खुल्याच होत्या’ : एका संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात आमच्या सातवीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश आला. तोच संदेश त्याआधीही दोन-तीन ठिकाणांहून माझ्याकडे आला होता आणि मी तो पुरता न वाचता सोडून दिला होता. या वेळी तसे करता आले नाही, कारण रात्री साडेनऊच्या सुमारास त्याच गटातील एका पालकांचा फोन आला. ते वडार समाजाचे आहेत, खाणीवर दगड फोडण्याचे काम करतात आणि स्वतः चौथीपर्यंत शिकलेले आहेत. त्यांनी एवढेच विचारले, “सर, ह्याच्यात लिव्हलंय ते खरं हाय का? शिकायचं आमच्याच लोकांला नको होतं?”

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. इंग्रजांच्या आधीपासून शाळा सर्व जातींना खुल्या होत्या आणि १८२०च्या दशकात मद्रास इलाख्यात झालेली पाहणी हा त्याचा पुरावा आहे. स्वातंत्र्यानंतर पंचाहत्तर वर्षे आरक्षण, फीमाफी, शिष्यवृत्ती असे सारे फुकट मिळाले. तरीही जे समाज मागे राहिले, ते शिक्षणाची आवड नसल्यामुळे राहिले. आता जी विषमता उरली आहे ती गरिबीची आहे, जातीची नाही.

मद्रासच्या पाहणीपासून सुरुवात करतो, कारण संदेशात थोडेफार खरे असलेला भाग तेवढाच आहे. गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२२ साली जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांची माहिती मागवली होती, आणि अभ्यासक धरमपाल यांनी ती कागदपत्रे १९८३ साली एकत्र छापली. गावोगावी देशी शाळा होत्या आणि तमिळ भागातील त्या शाळांत ‘शूद्र’ या रकान्यातील मुलांची संख्या ब्राह्मण मुलांपेक्षा बरीच जास्त होती, हे त्या कागदांत आहे आणि ते मान्य केले पाहिजे. इंग्रजांनी येऊन आपल्याला अक्षरओळख करून दिली, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही. परंतु त्या ‘शूद्र’ रकान्यात वेल्लाळांसारख्या जमीन बाळगणाऱ्या शेतकरी जातीही येतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतले मूल त्या रकान्यात बसत होते, असे कागद म्हणत नाहीत. शिवाय सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येच्या त्या इलाख्यात शाळेत जाणारी मुले एक लाख ८८ हजारांच्या आसपास होती आणि त्यांत मुली जेमतेम साडेचार हजार होत्या. यावरून ‘शाळा सर्वांना खुल्या होत्या’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने तो रकाना नीट वाचलेला नाही, आणि महाराष्ट्राविषयी बोलताना मद्रासचा दाखला पुढे करण्याची वेळ का येते, याचाही विचार केलेला नाही.

आपल्या मुंबई इलाख्याचा कागद उपलब्ध आहे आणि तो पुरेसा स्पष्ट आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने तो नाकारला, म्हणून मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने त्यावर जो ठराव केला त्याचा आशय असा, की तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे. परंतु सवर्ण मुलांच्या शाळेत प्रवेश मागणारा हा पहिला आणि एकटाच महार आहे, आणि एकट्या मुलाखातर त्याला इतरांमध्ये बसवले तर बाकीच्यांसाठी ती शाळा निरुपयोगी होण्याचा संभव आहे, म्हणून सरकार हस्तक्षेप करणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली सायमन आयोगापुढे मुंबई इलाख्यातील अस्पृश्य वर्गांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन सादर केले, त्यात या प्रकरणाचा संपूर्ण दाखला आहे. १८८१-८२चे आकडेही त्याच निवेदनात आहेत. इलाख्यातील प्राथमिक शाळांत अस्पृश्य जातींची मुले एक टक्क्याहूनही कमी होती, आणि हायस्कुलांत व महाविद्यालयांत एकही नव्हता. हा संदेश पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ते निवेदन एकदा वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण शिक्षणात कोणाची आवड कमी पडली आणि कोणाला उंबऱ्यावरून परत पाठवले, हे त्यात वर्षावार नोंदलेले आहे.

त्यानंतरचा क्रमही पाहा. अस्पृश्यांसाठी वेगळ्या शाळा बंद कराव्यात आणि त्यांच्या मुलांना इतरांच्या शाळेतच घ्यावे, असा हुकूम राजर्षी शाहू महाराजांना कोल्हापुरात १९१९ साली काढावा लागला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर केला. शाळा आधीपासून खुल्या असत्या, तर १९२३ साली असा ठराव मांडण्याचे काहीच कारण नव्हते.

आता आवडीच्या प्रश्नाकडे येतो, कारण फोनवरचा प्रश्न त्याविषयी होता आणि या संदेशातील सर्वांत घातक वाक्य तेच आहे. ज्याने कोणी ते लिहिले, त्याने ते सातवीतल्या मुलांच्या आईवडिलांपर्यंत पोचेल याचा विचार केला नसावा. किंवा केला असेल, तर ते अधिकच वाईट आहे. १९६१च्या जनगणनेत अनुसूचित जातींचे साक्षरतेचे प्रमाण १०.२७ टक्के होते आणि त्या जातींतील स्त्रियांचे अवघे ३.२९ टक्के. २०११ साली हेच आकडे ६६.०७ आणि ५६.४६ झाले. दोन्ही वेळची मोजणीची पद्धत सारखी नाही, त्यामुळे ते तंतोतंत शेजारी ठेवता येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण शिक्षणाची आवड नसलेल्या समाजातील स्त्रिया पन्नास वर्षांत शंभरातील तिघींवरून छप्पन्न जणींवर येत नाहीत, हे सांगायला पद्धतीचा काटेकोरपणा लागत नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मांग समाजाची मुलगी होती. शाळा मिळताच तिने काय केले ते आपल्यासमोर आहे. धारवाडच्या मुलानेही घरी बसून नशिबाला दोष दिला नव्हता, त्याने अर्ज केला होता.

येथे एक गोष्ट मान्य करतो, कारण ती लपवून उपयोग नाही. मिळालेल्या सवलतींचा लाभ सर्व वंचित जातींना सारखा झालेला नाही. बिहारमध्ये २००१च्या जनगणनेत अनुसूचित जातींपैकीच धोबी समाजाची साक्षरता चाळीस टक्क्यांच्या पुढे होती आणि मुसहरांची केवळ ९ टक्के. ज्यांच्याकडे एक पिढी आधी अक्षर पोचले, ते पुढे गेले. संदेश लिहिणाऱ्याला हा आपल्या बाजूचा पुरावा वाटतो. मला त्यातून उलटेच दिसते. कायदा दोघांना एकच असताना, गावाच्या सीमेवर, भूमिहीन आणि सालोसाल दुसऱ्याच्या शेतावर राबणारा समाज मागे राहतो, कारण त्याच्या वस्तीपर्यंत शाळा सर्वांत उशिरा पोचते आणि त्याचे मूल वर्षभर वर्गात राहू शकत नाही.

‘पंचाहत्तर वर्षे सारे फुकट’ हे वाक्य वाचून मला सर्वांत जास्त संताप आला, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो. गावच्या शाळेत पहिलीच्या वर्गात बसायला आरक्षण लागत नाही. ते मुख्यतः उच्च शिक्षणात आणि नोकरीत असते, म्हणजे जो शाळेच्या पलीकडे पोचला त्याच्यासाठी असते. केंद्रीय शिक्षणसंस्थांत इतर मागासवर्गीयांना ते २००८ साली लागू झाले. प्राथमिक शिक्षणाविषयी बोलायचे, तर चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असे संविधानाच्या अनुच्छेद ४५मध्ये लिहिले होते. ती मुदत १९६० साली संपली आणि शिक्षणहक्काचा कायदा प्रत्यक्षात आला १ एप्रिल २०१० रोजी. मधली पन्नास वर्षे शासनाने आपला शब्द पाळला नाही, आणि त्याचा हिशेब आज खाणीवरच्या माणसाकडे मागितला जात आहे. महाराष्ट्रात दारिद्र्यरेषेखालील मागास मुलींना पहिली ते चौथीत हजेरीच्या दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला. तीस वर्षांनंतरही तो एकच रुपया होता. वर्गात बसून तो मी वर्षानुवर्षे हजेरीपटावरून मोजलेला आहे, त्यामुळे ‘फुकट’ या शब्दाचे वजन मला ठाऊक आहे.

उरलेल्या सवलती जातीच्या दाखल्याला बांधलेल्या आहेत. दाखला मिळवायचा तर कुटुंब ठरावीक तारखेपूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ही तारीख अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आहे, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, आणि विमुक्त व भटक्या जमातींसाठी (वडार समाज यांतच येतो) २१ नोव्हेंबर १९६१. पुरावा म्हणून पहिल्यांदा काय मागतात? आजोबांचा किंवा वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, नाहीतर प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा. नातवाला शाळेत टिकण्यासाठी मदत हवी, आणि त्या मदतीसाठी आजोबा शाळेत गेले होते हे सिद्ध करायला हवे! ज्याचे आजोबा शिकले त्याला हा कागद एका दिवसात मिळतो. ज्याच्या आजोबांना शाळा मिळाली नाही, त्याच्याच नातवाला पुन्हा मागे ठेवले जाते.

ज्या पालकांचा फोन आला त्यांच्या थोरल्या मुलीच्या दाखल्यासाठी मी स्वतः त्यांच्याबरोबर फिरलो आहे. ती दहावी उत्तीर्ण झाली आहे. त्यांचे वडील कोणत्या गावी जन्मले, असे विचारले तर उत्तर मिळते, “जिथं काम लागलं तिथं पाल होतं.” तलावाचे काम निघाले की तिथे, रस्त्याचे निघाले की दुसरीकडे, असे त्यांचे बिऱ्हाड हलत राहिले. दोन गावांत आम्ही जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहिल्या, कोतवाल बुक पाहिले. गावाबाहेर उतरलेल्या पालांतील बाळंतपणाची नोंद कोणी घेतलेली नव्हती. तालुक्याच्या कार्यालयातून अर्ज ‘१९६१ पूर्वीचा पुरावा जोडावा’ असा शेरा मारून परत आला. त्यानंतर गृहचौकशीसाठी, म्हणजे कागद नसल्यास घरी येऊन केल्या जाणाऱ्या चौकशीसाठी, विनंती केली आहे. या प्रत्येक फेरीला त्यांची एका दिवसाची मजुरी बुडाली. अशा माणसाला शिक्षणाची आवड नाही, हे वाक्य मी वाचून सोडून देऊ शकत नाही.

विमुक्त-भटक्या समाजांची साक्षरता नेमकी किती, हे सांगणारा आकडाही मला देता येत नाही, कारण स्वतंत्र भारताच्या २०११पर्यंतच्या कोणत्याही जनगणनेत अनुसूचित जाती-जमातींखेरीज इतर जातींची स्वतंत्र मोजणीच झालेली नाही. रेणके आयोगाने २००८ साली आणि नंतर इदाते आयोगाने विमुक्त-भटक्यांविषयी अहवाल दिले. तरी प्रत्येक कुटुंबाला आपले अस्तित्व स्वतःच सिद्ध करावे लागते, ही स्थिती कायम आहे.

‘आता केवळ गरिबी उरली आहे’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. गरीब सवर्ण मूलही फीअभावी शाळा सोडते आणि त्याचे दुःख कमी नाही, परंतु त्याला वर्गात कुठे बसावे हे जातीवरून कोणी सांगत नाही. सुखदेव थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या ‘एम्स’ या वैद्यकीय संस्थेतील जातिभेदाविषयी दिलेला अहवाल देशातल्या सर्वांत हुशार समजल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांविषयीचा आहे. तिथपर्यंत पोचलेल्या दलित-आदिवासी मुलांना जे सोसावे लागले ते गरिबीमुळे नव्हते. शिक्षणहक्काच्या कायद्याने खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांचेही पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळांना त्या जागांतून सूट दिली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला तो बदल रद्द करावा लागला. या जागांवर वंचित जातींच्या बरोबरीने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलेही येतात. गरिबीची एवढी काळजी असलेल्यांनी त्या वेळी काही लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्या रात्री फोनवर मी त्यांना एवढेच सांगितले, की ते खरे नाही आणि का नाही ते लिहून कळवतो. हा मजकूर मी आज पालकांच्या त्याच गटावर टाकत आहे. त्यांना एवढे लांब वाचायला वेळ लागतो, म्हणून तो मी सावकाश वाचून ध्वनिमुद्रितही केला आहे, आणि धारवाडच्या मुलाचा परिच्छेद त्यात दोनदा वाचला आहे.